पाहुण्या माशांसाठी चारा

असं समजा, की तुमच्या घराला शेजार नाही. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, मागे जंगल आहे आणि समोर नुसतं पाणी. आता समजा, सकाळी तुम्ही एक पाणमांजर पाहिलं. तोंडात मासा धरून ते दगडावर चढलं आणि तुमच्याकडे बघत बघत त्यानं तो मासा शेपटीपर्यंत खाऊन टाकला. हे तुम्ही कोणाला सांगाल? आई चूल फुंकते आहे, ती “हो का” म्हणेल आणि पुन्हा फुंकू लागेल. वडील कालव्याच्या दरवाजाकडे गेले आहेत. म्हणून तुम्ही ते मनात ठेवून द्याल. उद्या आणखी काही दिसेल, तेही ठेवाल. असं आठवडाभर साठवून पाहा. पोट भरलेलं असतं आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं ना? तसं वाटलं की पुढे वाचा.

नलूला रोज तसंच वाटायचं.

ही गोष्ट १९७९ सालची आहे. हिंगणीच्या पुढे, जंगलाला लागून टेंभरीचा तलाव होता. नलूचे वडील खुशाल हे त्या तलावाचे चौकीदार. कालव्याचा दरवाजा उघडायचा, बंद करायचा आणि बांधावर चक्कर मारायची, हे त्यांचं काम. त्यासाठी बांधाच्या टोकाला त्यांना एक खोली मिळाली होती. तलाव झाला तेव्हा टेंभरी गाव उठून दूर सडकेवर गेलं होतं, त्यामुळे त्या खोलीच्या आसपास दुसरं घर नव्हतं. नलूची मोठी बहीण कुंता होती तोवर ठीक होतं. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती गिरडला गेली. नलू चौथी पास झाली होती, पण पाचवीची शाळा हिंगणीला. वाटेत जंगल, जंगलात अस्वल. वडील सायकलवर नेतील त्याच दिवशी शाळा, आणि पावसाळ्यात चिखलातून सायकल चालायचीच नाही.

नलूची आई गोपिका स्वभावानं कमी बोलणारी होती. ती वाईट नव्हती, मुळीच नव्हती. काही माणसांचं बोलणं हातात असतं. ती नलूची वेणी घालायची तेव्हा फार हळू घालायची, एवढंच.

मग नलू बोलायची कधी? रविवारी.

रविवारी गळ टाकणारे यायचे. तिघं होते. बंडूजी हिंगणीचे, वांगी, टमाटर आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात विकणारे. ताराचंद पार जामहून यायचा; तिथल्या चौकात तो ट्रकचे टायर दुरुस्त करायचा आणि ट्रकवाल्यांच्याच ओळखीनं फुकट प्रवास करायचा. तिसरे प्रभाकरराव. ते वर्ध्याच्या तार ऑफिसातून निवृत्त झाले होते. पत्नी वारली होती, मुलगा भिलाईला. ते पहिल्या बसनं हिंगणीला उतरत आणि बंडूजींच्या बैलगाडीतून तलावावर येत.

तलावाला एक लहानसा दगडी घाट होता. तिथंच तिघं बसत. प्रभाकररावांना मासा क्वचितच मिळायचा, आणि मिळाला तर ते तो गोपिकाबाईंकडे देऊन टाकत. गळ पाण्यात सोडला की ते नलूला म्हणायचे, “हं, सांग. सोमवारपासून सुरू कर.”

आणि नलू सोमवारपासून सुरू करायची. पाणमांजर, कातीतून निघालेला साप, बांधावर आलेली हरणं. प्रभाकरराव मध्येच विचारायचे, “कात कुठल्या बाजूनं सुटली? तोंडाकडून की शेपटीकडून?” असं विचारणारा माणूस खरंच ऐकत असतो. नलूच्या आठवड्यात रविवारी दुपारीच काय तो आवाज असायचा. बाकीचे दिवस नुसतं पाणी.

बाकी दोघांचं बोलणं वेगळं. ते सरकारच्या मासे खात्याबद्दल भांडायचे.

“पास काढा म्हणते, काढला,” बंडूजी म्हणायचे. “पावसाळ्यात गळ बंद म्हणते, केला. पण आपल्या पासाचे पैसे जाते कुठं? या तलावात तं नाई पडून राह्यले.”

“पडते ना,” ताराचंद म्हणायचा. “साहेबाच्या जीपच्या टायरात पडते. मी जामले बसून तेच टायर शिवतो.”

“तारा, तुझ्या तोंडाला काही धरबंद आहे की नाही?” प्रभाकरराव म्हणत. “खात्यानं पिल्लं आणून सोडली नसती, तर या पाण्यात रोहू आली असती का? कोणी आणली?”

“तुमी पाह्यली काय काका सोडतानी? मी तं नाई पाह्यली. मले तं वाटते, ते कागदावरच सोडते अन् कागदावरच मोठी होते.”

“मंग तुले मागच्या खेपेले काय लागलं होतं गळाले? कागद?” बंडूजी विचारायचे, आणि तिघंही हसायचे. नलूही हसायची, न समजता.

तलावात जाळी टाकायचा हक्क मात्र यांचा नव्हता. तो एका सहकारी संस्थेचा होता. पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसं त्या संस्थेत होती. ती तलावाच्या पलीकडच्या काठाला राहायची, आणि नत्थूजी त्यांचे पुढारी. ते सरकारला ठेका भरायचे, पिल्लांचा खर्चही बराचसा त्यांच्याकडूनच घेतला जायचा. म्हणून गळवाले त्यांच्या डोळ्यांत खुपत. मुलांनो, दोन्ही बाजू नीट ऐका. गळवाल्यांना वाटायचं, आम्ही रीतसर पास काढतो. जाळेवाल्यांना वाटायचं, पिल्लं आमच्या पैशांनी येतात आणि मोठी झाली की हे लोक बसून उचलतात. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते.

गळाची एक रीत असते, ती सांगतो. ज्या जागी गळ टाकायचा, तिथं आदल्या संध्याकाळी चारा टाकून ठेवायचा. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवायची, ज्वारीच्या पिठात मळायची आणि तिचे गोळे पाण्यात सोडायचे. त्या वासानं मासे जमतात आणि सकाळपर्यंत तिथंच रेंगाळतात. हे काम प्रभाकररावांनी नलूला दिलं होतं. ढेपेचं पोतं चौकीदाराच्या खोलीमागं ठेवलेलं असायचं. शनिवारी संध्याकाळी नलू गोळे करायची, आणि ते करता करता तिला वाटायचं, आता उद्या आहेच.

पावसाळा लागला आणि गळ बंद झाले. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा त्यांना धरायचं नाही, असा खात्याचा नियम. नियम चांगलाच होता. पण नलूसाठी त्या नियमानं रविवारसुद्धा सोमवारासारखे झाले. ती घाटावर जाऊन बसायची. पाणी वाढत वाढत वरच्या पायरीला आलं. एकदा तर तिनं पाण्यालाच सांगायला सुरुवात केली, “आज बगळ्यानं बेडूक धरला होता,” आणि मग ती गप्प झाली, कारण कात कुठून सुटली असं पाणी विचारत नाही.

श्रावण सरता सरता खुशाल एक बातमी घेऊन आले. मासे खात्याचे साहेब, रूपराव त्यांचं नाव, येत्या रविवारी येणार होते. दोन कामं होती. एक, माशांची पिल्लं आणून तलावात सोडायची. दुसरं, संस्थेनं अर्ज केला होता की तलावावर गळ कायमचे बंद करा. त्यावर साहेब दोन्हीकडच्यांचं म्हणणं घाटावरच ऐकणार होते.

“कायमचे?” नलूनं विचारलं.

“साहेब ठरवन तसं,” खुशाल म्हणाले.

“मंग काका नाई येणार?”

“गळ नाई तं ते कायले येतीन वं इकडं जंगलात?”

नलू जेवली नाही नीट. पण तिला एक आशा होती. पिल्लं येणार, माणसं येणार, साहेबांना सगळं छान दिसलं तर ते कशाला बंद करतील? आणि ती पिल्लं! दूरच्या पाण्यातून आणलेली, इथलं काहीच ओळखीचं नसलेली. कुंताताई सासरी गेली त्या दिवशी तिच्या सासूनं दारातच तिला दूधभात दिला होता, असं आईनं सांगितलेलं नलूच्या लक्षात होतं. नव्या ठिकाणी आल्याबरोबर कोणीतरी खायला द्यावं लागतं. नाहीतर फार परकं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी नलूनं पोत्यातली उरलेली सगळी ढेप काढली. एरवी ती चार मुठी घ्यायची. त्या दिवशी तिनं टोपलंभर चारा मळला. हात दुखले तरी मळला. आणि घाटावरून, जिथं उद्या जीप येणार होती तिथंच, सगळा पाण्यात टाकला.

रविवारी ऊन पडलं होतं. बैलगाडी बांधावर दिसली तेव्हा नलू पळत सुटली.

“आली पाहा चौकीदारीण!” ताराचंद ओरडला. “काऊन वं, वाळून गेली! तुले काय ढेप खाऊ घालते काय घरी?”

“वाळली नाई, उंच झाली ते,” बंडूजी म्हणाले. “तुह्यासारखी आडवी नाई वाढून राह्यली.”

प्रभाकरराव काठी टेकत खाली उतरले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “दोन महिन्यांचं साठलं असेल. कुठून सुरू करतेस?”

“लय हाये काका. आधी ते पाणमांजर...”

तेवढ्यात जीपचा आवाज आला. “थांब,” ते म्हणाले. “हे काम होऊ दे. मग निवांत ऐकतो. एकही वगळू नकोस.”

जीपमधून साहेब उतरले. चाळिशीचे, सडपातळ, चपलांना चिखल लागलेला. मागच्या बाजूला फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रचलेल्या होत्या. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, वर भरलेला प्राणवायू, आणि पाण्यात बोटभर पिल्लांची झुंबड. ताराचंद पिशवीला नाक लावून पाहू लागला.

“का रे, कागदाची हायेत काय?” बंडूजींनी हळूच विचारलं.

“चूप बसा ना मामा.”

पलीकडच्या काठावरून नत्थूजी आणि संस्थेची चार माणसं डोंग्यातून आली. त्यांनी कोणाला राम राम केला नाही.

साहेबांच्या माणसांनी पिशव्या उघडल्या नाहीत. बंद पिशव्याच घाटाजवळ पाण्यावर तरंगत ठेवल्या. नलूनं विचारलं, “सोडत काऊन नाई?”

साहेब तिच्याकडे वळले. त्यांना प्रश्न आवडला असावा. “पिशवीतलं पाणी गरम, तलावातलं थंड. एकदम सोडलं तं पिल्लं दचकून मरते. थोडा वेळ अशी ठेवली का दोन्ही पाणी सारखं होते. मंग तोंड उघडाचं.” मग ते मोठ्यांकडे वळले. “तोवर आपण बोलून घेऊ. नत्थूजी, तुमी अर्ज केला, तुमी सांगा.”

नत्थूजी उभे राहिले. हातात टोपी होती. “साहेब, आमच्या बाया टोपलं डोक्यावर घेऊन हिंगणीच्या बाजारात जाते. पिल्लं सोडाले पैसा आमचा, राखण आमची. हे रविवारी येते, सावलीत बसते, अन् आमच्या रोह्या घेऊन जाते. याले काय म्हणाचं?”

“अन् आमी पास काढतो त्याचं काय?” बंडूजी ताडकन उठले. “तो पैसा काय आमी नाल्यात टाकतो?”

“पासाचा पैसा सरकारी खजिन्यात जाते,” साहेब शांतपणे म्हणाले. “तिकडून तो या तलावाले परत येत नाई. या पिल्लांत तुमचा वाटा नाई, बंडूजी. अर्धा खर्च खात्याचा, अर्धा संस्थेचा.”

बंडूजी खाली बसले. इतकी वर्षं ते विचारत होते की पैसे जातात कुठे, आणि आज उत्तर मिळालं तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. “आमाले कोणी सांगतलंच नाई,” ते पुटपुटले.

प्रभाकरराव म्हणाले, “साहेब, मग असं करता येईल का? रोहू, कतला लागली तर आम्ही परत सोडू. मरळ ठेवू. मरळ बाकीची पिल्लं खाते, आणि ती बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांत दडते, तिथं जाळं फाटतं. नत्थूजींना ती नकोच आहे. आम्हाला बसायला घाट राहू द्या, एवढंच.”

नत्थूजींनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मागच्या माणसांकडे पाहिलं. “फक्त मरळ?”

“फक्त मरळ.”

“अन् रोहू लागली तं?”

“तुमच्यासमोर सोडू. नाही पटलं तर तुमचा एक माणूस बसवा आमच्याजवळ.”

“आमचा माणूस बसवून तुमी त्याले चहा पाजसान, अन् तो तुमच्याच गळाले अळी लावून देईन,” नत्थूजी म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले. “पाहू. विचार करू.”

नलूनं सगळं ऐकलं. नीट समजलं नसलं तरी ‘पाहू’ हा शब्द ऐकून ती पिशव्यांजवळच्या पायरीवर जाऊन बसली.

“चला, सोडा आता,” साहेब म्हणाले.

माणसं गुडघाभर पाण्यात उतरली. पिशव्यांची तोंडं सुटली आणि पिल्लं धुरासारखी पाण्यात पसरली. नलू वाकून पाहत होती. ती मनात म्हणाली, या, खा.

मग पाणी उसळलं.

एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी. काळ्या पाठी वर आल्या, जबडे वाजल्यासारखा आवाज झाला. मरळ! एक, दुसरी, आणखी. हाताएवढ्या, मांडीएवढ्या. पिल्लांचा धूर फाटला, त्याच्या चिंध्या झाल्या. कुठून तरी उडालेली दोन पिल्लं पायरीवर पडून तडफडली.

“थांबा! बांधा तोंडं! बाकीच्या उचला वर!” साहेब ओरडले आणि चपलेसकट पाण्यात उतरले.

पण निम्म्याहून जास्त पिशव्या सुटल्या होत्या.

सगळं शांत झालं तेव्हा साहेबांनी पाण्यातून काहीतरी वेचलं. भिजलेली, पिवळसर ढेप. पायरीच्या फटीतही तीच. नत्थूजींनी ती त्यांच्या हातातून घेतली, हुंगली आणि बंडूजींच्या पायापाशी टाकली.

“हे पाहा. अन् आमी यांच्यासंगं बोलून राह्यलो होतो.”

मुलांनो, काय झालं होतं ते समजून घ्या. ढेप मरळ खात नाही. पण ढेपेच्या वासानं रात्रभर तलावातली बारीक मासोळी घाटाला जमली. बारीक मासोळी जमली म्हणून तिला खायला मरळ आली. जिथं एरवी एखादी असते तिथं पहाटेपर्यंत सगळ्या तलावातल्या येऊन बसल्या. आणि त्यांच्याच मध्ये पिल्लं सोडली गेली. चारा टाकणाऱ्याच्या मनात काय होतं, हे मरळीला कुठून कळणार?

“कोणी टाकला हा?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. “पिल्लं सोडाच्या जागी चारा टाकत नाई, हे गळ धरणाऱ्या कोणालेही समजते. ज्यानं टाकला त्याचा पास आज जमा होईन. बाकीच्यांचं संस्था अन् मी मिळून पाहू.”

बंडूजी ताराचंदकडे पाहत होते, ताराचंद बंडूजींकडे. मग दोघांची नजर एकदम नलूकडे गेली आणि तितक्याच लवकर दुसरीकडे वळली.

नलूनं तोंड उघडलं. तेवढ्यात खुशालचा हात तिच्या मानेवर आला. “चूप,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. खुशाल रोजंदारीवर होते. कोणाच्याही एका तक्रारीनं ते घर आणि ते काम जाऊ शकत होतं.

“चारा नेहमी मीच टाकायला लावतो,” प्रभाकरराव म्हणाले. “माझाच समजा.”

“समजा म्हणजे? तुमी टाकला?”

“हो.”

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. प्रभाकररावांनी कोटाच्या खिशातून पास काढून दिला. “गळही आता गुंडाळून ठेवतो,” ते म्हणाले, जणू बस चुकेल एवढीच काळजी होती.

उरलेल्या पिशव्या घेऊन साहेब आणि नत्थूजी, जिथं नाला तलावाला मिळतो त्या नाल्याच्या तोंडाकडे, पिल्लं सोडायला गेले. प्रभाकरराव बैलगाडीत चढले. नलू गाडीमागे बांधाच्या वळणापर्यंत चालत गेली. ते तिच्याकडे पाहून हसले, हात हलवला. पाणमांजराचं सांगायचं राहिलं. बगळ्याचं राहिलं. दोन महिन्यांचं सगळंच राहिलं.

पावसाळ्याची बंदी उठल्यावर पहिल्या रविवारी बंडूजी आणि ताराचंद आले. पिल्लं खाणारी मरळ कमी व्हावी असं आता संस्थेलाही वाटत होतं, म्हणून त्यांना तेवढी धरायची परवानगी मिळाली होती. नत्थूजींचा एक माणूस जवळ बसायचा. दोघं नलूला रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. ताराचंदनं एकदा थट्टा करायचा प्रयत्न केला, ती अर्धवट सोडली. बंडूजींनी तिच्यासाठी पेरू आणला. तिनं तो खाल्ला नाही.

“काका कसे हायेत?” तिनं विचारलं.

“ठीक असन. मी गेलतो वर्ध्याले भाजी घेऊन, तं दिसले. रविवारी काय करता म्हटलं, तं म्हणे, स्टेशनवर जाऊन बसतो. गाड्या पाहातो.”

नलूला ते चित्र दिसलं. प्रभाकरराव बाकावर बसलेले, गाड्या येतात, जातात, आणि शेजारी कोणी नाही. त्यांनाही बोलायला रविवारच होता, हे आधी कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

आईनं वेणी घालताना त्या दिवशी विचारलं, “काय होऊन राह्यलं तुले?” नलू म्हणाली, “काही नाई.” आईनं वेणी पूर्ण केली आणि हात तिच्या पाठीवर बराच वेळ तसाच ठेवला.

दिवाळीनंतर साहेब पुन्हा आले. नाल्याच्या तोंडाशी सोडलेली पिल्लं किती वाढली, ते पाहायला. खुशाल दरवाजाकडे होते. साहेबांनी लहान जाळ्यानं काही पिल्लं काढली, तळहातावर धरून पाहिली, परत सोडली. ते एकटेच होते आणि कामात असताना ते स्वतःशीच पुटपुटत होते. नलू त्यांच्या मागे उभी राहिली.

“साहेब, चारा मी टाकला होता.”

ते वळले नाहीत लगेच. जाळं निथळू दिलं. “काऊन?”

“त्याइले परकं वाटू नये म्हणून. पिल्लाइले.”

साहेब दगडावर बसले. तिला हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “मंग तवा काऊन नाई सांगतलं?”

“बाबाची नोकरी जाईन म्हणून. जाईन काय?”

“तुह्या बाबाचं खातं वेगळं, माह्यं वेगळं. मी काही तिकडं सांगाले जात नाई.” त्यांनी जाळ्याची घडी घातली. “पण मले सांगून काम भागत नाई, पोरी. प्रभाकररावाचा पास मी परत देऊ शकतो, पण संस्था हो म्हणन तवाच. पिल्लं त्याइची गेली. पुढच्या साली त्याइच्या बायांचं टोपलं अर्धं राहीन. सांगाचं तं नत्थूजीले सांगावं लागन.”

“ते रागवतीन?”

“रागवन. तो मंग बाबाची तक्रारही करू शकते, नाई करणार असं मी कसं सांगू? मी संगं येऊ काय?”

नलूनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथं धूर दिसत होता. तिला साहेबांचा हात धरून जायला आवडलं असतं. पण साहेब सोबत असले तर नत्थूजी साहेबांशी बोलतील, तिच्याशी नाही, आणि ऐकणारा नीट ऐकतो की नाही हे तिला चेहऱ्यावरून पाहायचं होतं.

“नाई,” ती म्हणाली. “मीच जातो.”

ती आधी घराकडे गेली. आईला सगळं सांगितलं. आईनं चूल फुंकायची थांबवली. फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, “बाबाले मी सांगतो. तू जाय.” आणि दारापर्यंत आली.

बांध संपून पुढे काठाकाठानं जायची वाट होती. गवत तिच्या खांद्यापर्यंत आलेलं. वाटेत कोणीच नव्हतं. एरवी अशा वाटेवर जे जे दिसायचं ते ती साठवून ठेवायची. आज तिनं काही साठवलं नाही. फक्त काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी मधलाच एखादा शब्द निसटून जायचा.

संस्थेच्या झोपडीसमोर अंगणभर जाळं पसरलेलं होतं. नत्थूजी त्याच्या पलीकडच्या टोकाला बसून फाटलेला भाग विणत होते. दोन बाया टोपल्या धूत होत्या. त्यांनी नलूकडे पाहिलं आणि हात थांबवले.

“कोण वं तू? चौकीदाराची ना?” नत्थूजी डोळे बारीक करून म्हणाले. “एकटीच आली? काय काम हाये?”

नलूनं चपला काढल्या. जाळ्यावर पाय पडू नये म्हणून ती सगळ्या अंगणाला वळसा घालून नत्थूजींच्या अगदी समोर जाऊन बसली, आणि शनिवारच्या संध्याकाळपासून सांगायला लागली.